दोनदा वाचलेली पंचमी

पाणी समोरून येत नाही, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. खाडीच्या तोंडाशी एक लांबट कातळ आहे. ओहोटीला तो उघडा पडतो आणि त्याच्या अंगाला कालवं, धारदार शिंपल्यांतली, चिकटलेली असतात. कातळ आणि किनारा यांच्यामध्ये एक घळ आहे. भरती लागली की आधी ही घळ भरते. तुम्ही कातळावर वाकून लोखंडी टोच्यानं कालवं फोडत असता, समोरचा समुद्र अजून लांबच दिसत असतो, आणि पाठीमागे परतीची वाट गेलेली असते. म्हणून ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी उतरायचं आणि पुरी झाली की तासाभरात बाहेर. यात चुकलेल्या दोन बायकांबद्दल गावात अजून बोलतात, पण आवाज खाली आणून.

माझी काकी मात्र इथली नव्हती. धाकट्या काकांची बायको ती, माहेर आत डोंगराकडे, भातशेतीच्या गावात. तिकडचं पाणी बांध घातला की थांबतं आणि फोडला की जातं. काका मुंबईला गोदामात, महिन्यातून एकदा यायचे. काकी आमच्या भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत राहायची. तिला मूल नव्हतं, त्यामुळे माझे लाड जरा जास्तच. मी चिडले की आई पाठीत धपाटा घालायची आणि काकी गूळ-खोबरं द्यायची. मी चिडायचेही फार. अजून चिडते.

काकीला कालवं काढायला आवडायचं, पण तिला ओहोटीची वेळ काढता यायची नाही. आमच्या बायका भरती-ओहोटी बोटांवर मोजतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नवाला, ओहोटी. आई हे भाकरी थापता थापता करते. काकीची पाऊणकी कच्ची होती आणि तिथीही तिच्या लक्षात राहायची नाही. मग रोज आमच्या दारात उभी, "वयनी, आज कवा गो?" बायका हसायच्या. "ह्या भातवालीला पानी कळायचं न्हाय," असं तिच्या तोंडावर म्हणायच्या. कधी कधी मुद्दाम तिला न सांगता निघून जायच्या. काकी मग पदर खोचून, टोपली कमरेवर घेऊन, अंगणात उगाच उभी राहायची. मला तेव्हा त्या बायकांचा असा राग यायचा की काय सांगू.

बारावीनंतर मी खाडीपलीकडच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला गेले. रोज सकाळी दिघीच्या जेट्टीवर फेरीबोट, पलीकडे आगरदांडा, तिथून सहा आसनी रिक्षा. गावातून कॉम्प्युटर शिकायला गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे सगळ्या गावाचा माझ्यावर हक्क. कुणाचा मोबाईल हँग झाला, कुणाचा रेशनचा अंगठा लागेना, की मला हाक. एका आजोबांनी तर मिक्सर आणून दिला. मी म्हटलं, आजोबा, हे वायरमनचं काम. तर म्हणाले, "मग तीन वर्सं काय शिकतेस काय?"

खरं तर मला ते शिकणं मनापासून आवडलं होतं. लॅबमध्ये दोघांत एक कॉम्प्युटर, लाइट गेली की सगळीकडून यूपीएसचा टीं टीं आवाज, आणि वीस मिनिटांत सगळं काळं. पण स्क्रीनसमोर बसलं की मला बरं वाटायचं. इथं कुणी भातवाली म्हणून हसत नाही, चूक केलीस तर चूक म्हणून सरळ तोंडावर लाल अक्षरात सांगतात, असं मला वाटायचं. जी चूक कॉम्प्युटरला चूक वाटतच नाही तिचं काय, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी डेटाबेस शिकवला. मॅडमचं एक वाक्य ठरलेलं, "डुप्लिकेट म्हणजे कचरा." एकच नोंद दोनदा आली की काढून टाका. आम्ही त्यांची नक्कल करायचो, पण ते डोक्यात बसलं होतं.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतं. वर्गातले सगळे दरवर्षीचंच करत होते, कुणी लायब्ररीचं, कुणी दवाखान्याचं. मी मॅडमना म्हटलं, मी ओहोटीची वेळ सांगणारं ॲप करते. इंटरनेट नसतानाही चालणारं, कारण कातळाकडे रेंज नसते. तिथीवरून पाऊणपट, बाकी काही नाही. आमच्या खाडीला बायकांचं गणित बरोबर लागतं, मग तेच मोबाईलमध्ये बसवायचं. मॅडम खूश झाल्या. मी घरी येऊन काकीला सांगितलं की आता तुला कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. त्या संध्याकाळी तिनं माझ्यासाठी घावन केले.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघी पडवीत बसलो. पुढच्या जूनपर्यंतच्या तिथी कॉम्प्युटरमध्ये भरायच्या होत्या. काकी भिंतीवरची दिनदर्शिका, आणि ती संपल्यावर नव्या वर्षाची, मांडीवर घेऊन वाचायची आणि मी टाइप करायचे. तारखा टाइप करायचा मला कंटाळा, म्हणून एक युक्ती केली. पहिली तारीख द्यायची, मग तिथींच्या यादीला पुढच्या तारखा कॉम्प्युटर आपोआप लावत जातो. काकी एका सुरात वाचत होती. मध्येच म्हणाली, "पंचमी... पंचमी."

"काकी, दोनदा नको वाचूस. माझं चुकतं."

"दोनदाच लिवलंय गो. काल पन पंचमी, आज पन पंचमी."

"असं कसं असेल? नीट बोट ठेवून वाच ना."

तिनं चष्मा सारखा केला, बोट ठेवलं, आणि जरा घाबरतच परत तेच वाचलं. मी वैतागून टाइप केलं. तिथी कधी कधी पळते हे मला आईकडून ठाऊक होतं. एखादी मधली तिथी गाळलेली दिसली तर मला नवल वाटत नव्हतं. पण तिथी कधी दोन दिवस मुक्कामही करते, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात दिनदर्शिका दुधाचे खाडे लिहायला आणि लग्नाच्या तारखांना असायची, आणि मला स्वतःला त्या चौकोनांत डोकवायची गरज कधी पडली नव्हती. चार शब्द कॉम्प्युटरचे शिकले म्हणून मला सगळं येतं, अशी माझी समजूत. सगळं टाइप झाल्यावर मी एक ओळ लिहिली, लागोपाठ दोनदा आलेली तिथी काढून टाक. कॉम्प्युटर म्हणाला, पाच ओळी काढल्या. मला बरं वाटलं. काकीच्या पाच चुका मी पकडल्या होत्या.

आता हे सरळ सांगते, कारण पुढे याचाच घोळ आहे. अशी एक ओळ काढली की त्यानंतरची प्रत्येक तिथी एक दिवस अलीकडे सरकते. ॲप मग उद्याची तिथी आज दाखवतं आणि ओहोटीची वेळ पाऊण तास उशिराची सांगतं. दुसरी ओळ निघाली की दीड तास. उशिराची, हे महत्त्वाचं. लवकरची असती तर काकी फार तर किनाऱ्यावर बसून राहिली असती.

पहिले काही आठवडे काकीच्या मोबाईलवरचं ॲप मिनिटाला मिनिट बरोबर होतं. आईनं बोटांवर मोजून पाहिलं आणि मान डोलावली. सुरुवातीला मी स्क्रीनवर तिथीही दाखवत होते. मॅडम म्हणाल्या, "स्क्रीन स्वच्छ ठेव. बाईला वेळ हवीय ना, मग वेळच दाखव." मी तिथी काढली. मोठ्या आकड्यात नुसती वेळ उरली. तिथी राहिली असती तर गावातल्या कुठल्याही बाईनं एका नजरेत चूक धरली असती, कारण उपासतापास सगळ्यांचे पाठ.

काकी बदलली. ताठ चालायला लागली. बायका निघाल्या की आपण होऊन सांगायची, "अजून अर्धा तास हाय," आणि ते बरोबर निघायचं. ज्या दिवशी त्यांना सवड नसेल त्या दिवशी ही एकटीसुद्धा जायला लागली. प्रोजेक्टच्या वहीत वापरणाऱ्याचं मत असं एक पान असतं. तिथं मी काकीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, "आता मला कुणाला विचारावं लागत नाही." मॅडमनी त्याच्याखाली लाल पेनानं छान असं लिहिलं होतं. ते पान आता मला उघडवत नाही.

थंडी सरत आली तेव्हा एकदा काकी भांडी घासता घासता म्हणाली, "हल्ली पानी लवकर चढतं काय गो?"

मी प्रोजेक्टच्या छपाईत गुंतलेले. म्हटलं, "पाणी कसं लवकर चढेल? तूच उशिरा जात असशील."

"व्हय, आसंल," ती म्हणाली.

नंतर महिन्याभरानं आईनंही विचारलं. "तुझं ते यंत्र मागं तर चालत न्हाय ना? मी मोजते तर येगळंच येतं."

मी अशी उसळले. म्हटलं, तुमचं ते बोटांवरचं, माझं कॉम्प्युटरवरचं. परीक्षा तोंडावर आलीय, आता काही बदललं तर सगळं परत छापावं लागेल, सगळं परत बांधावं लागेल, आणि तुम्हाला कसली घाई झालीय? मी लिहिलेल्या कोडमध्ये चूक असेल आणि ती आईला बोटांवर कळेल, हे मला कसं पटणार? दोघींनी मला सांगितलं होतं, वेगवेगळं, आपापल्या परीनं. मी दोघींना गप्प केलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी गावात एका घरी हळद होती. आई पहाटेच तिकडे स्वयंपाकाला गेली. बाकीच्या बायकाही तिकडेच. म्हणजे कातळावर त्या दिवशी दुसरं कुणी जाणार नव्हतं. मी निघाले तेव्हा काकीनं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. ते चाटून होईपर्यंत माझ्यासमोर उभी राहिली. मग मोबाईल दाखवून म्हणाली, "साडेधाची ओहोटी हाय. आज अगदी तुज्या टायमाला जाते बघ. संध्याकाळी कालवांचा रस्सा करते."

"जा," मी म्हटलं. माझं लक्ष नोट्समध्ये.

दिघीच्या जेट्टीवर सव्वाआठ झाले होते. पाणी पार खाली गेलं होतं. एरवी बुडालेल्या हिरव्या शेवाळाच्या पायऱ्या सगळ्या उघड्या, एक माणूस घसरत घसरत मोटारसायकल उतारावरून बोटीत घेत होता आणि बोटीवरचे लोक त्याला ओरडून सांगत होते. मीसुद्धा पाय जपून टाकला. बोटीत बसून मी काय केलं, तर नॉर्मलायझेशनची व्याख्या पाठ केली. समुद्र माझ्या डोळ्यांसमोर होता, त्यानं मला स्वच्छ सांगितलं होतं की ओहोटी आत्ता आहे. माझ्या पर्समधला मोबाईल म्हणत होता की अजून सव्वादोन तास आहेत. मी दोघांकडेही पाहिलं नाही.

साडेदहाला माझा नंबर लागला. बाहेरून आलेले परीक्षक शांत होते, पन्नाशीचे, चहात बिस्कीट बुडवून खात होते. बाजूला आमच्या मॅडम. मी सगळं दाखवलं. सर म्हणाले, "चांगलं आहे. आतलं टेबल उघड बघू. आजची ओळ कुठली?"

मी उघडलं. आजच्या तारखेसमोर कृष्ण षष्ठी होती.

मॅडम सहज म्हणाल्या, "षष्ठी? अगं, उद्या संकष्टी आहे ना. मला आज साबुदाणा भिजत घालायचाय."

सर माझ्याकडे पाहत होते. संकष्टी म्हणजे कृष्ण चतुर्थी. उद्या चतुर्थी तर आज तृतीया. आणि माझं टेबल षष्ठी म्हणत होतं. तीन दिवस पुढे. मला काकीचं बोट दिसलं, दिनदर्शिकेवर ठेवलेलं, पंचमी, पंचमी. एका क्षणात सगळं समजलं. तीन तिथी, तीन पाऊण तास, सव्वादोन तास. साडेदहातून सव्वादोन वजा केले की सव्वाआठ. जेट्टीच्या हिरव्या पायऱ्या. भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते. पाणी अडीच तासांपासून चढत होतं, आणि काकी कातळावर होती, माझ्या वेळेप्रमाणे ओहोटी आत्ताच पुरी झाली असं धरून.

मी उठायला हवं होतं. तिथल्या तिथे, खुर्ची मागे ढकलून. सर, मला फोन करायचाय, एवढं म्हणायला काय लागतं? त्याऐवजी माझ्या तोंडातून आलं, "सर, हा डेमोसाठीचा टेस्ट डेटा आहे. खरा डेटा फोनवर आहे."

आवाजसुद्धा कापला नाही माझा. सरांनी मान हलवली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मग कागदांकडे. सरांनी पुढचे प्रश्न विचारले. डुप्लिकेट कसे काढलेस? पुढे यात काय वाढवता येईल? मर्यादा कोणत्या? मी एकेक उत्तर दिलं. मनात म्हणत होते, काकी उतरली नसेल, काकी निघाली असेल, काकीला पाणी दिसेलच की. मर्यादांवर तर मी दोन मिनिटं बोलले. घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली तेव्हा सर म्हणाले, "शाब्बास, जा." बारा मिनिटं. ती मी विसरणार नाही, कुणी विसर म्हटलं तरी.

बाहेर येऊन काकीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आईला लावला, वाजून वाजून बंद झाला. हळदीचा गोंगाट, तिला कसा ऐकू येणार? चौथ्यांदा तिनं उचलला. मागे बायकांची गाणी चालली होती.

"आई, काकी कुठंय?"

"गेली की कातळावर. तुज्याच टायमानं. पेपर कसा गेला?"

"आई, ओहोटी सव्वाआठला होती."

काहीतरी भांडं खाली पडल्याचा आवाज आला, गाणी थांबली, आणि फोन तसाच चालू राहिला. मला लांबून आईची किंकाळी ऐकू येत होती, ती कोळीवाड्यातल्या होडीवाल्या नाखव्याला हाक मारत पळत होती.

आगरदांड्याला आले तर फेरीबोट ट्रक भरून घेत होती. एक ट्रक, दुसरा ट्रक, मग एका गाडीवाल्याची गाडी सरळ लागेना. मी त्या माणसावर ओरडले, काय काय बोलले ते आठवत नाही. सकाळी उतरताना इथल्याही उघड्या असलेल्या पायऱ्यांपैकी तीनच उरल्या होत्या. बोट सुटेपर्यंत दोन. मी कठड्याला धरून उभी होते आणि देवाला म्हणत होते की मला नापास कर, डिग्री नको, काही नको. अर्ध्या तासापूर्वी मात्र मला ती हवी होती.

काकी जिवंत सापडली. घळीच्या कडेला जाळी बांधायचा एक लाकडी खुंट आहे, त्याला तिनं मिठी मारली होती. पाणी छातीवर आलं तशी ती धरून राहिली. मग पाय सुटले, आणि प्रत्येक लाट तिला कालवांच्या धारदार कातळावर आपटत राहिली. नाखव्यानं तिला होडीत ओढली तेव्हा डावा पाय कापून निघाला होता. किनाऱ्यावर तो धापा टाकत म्हणाला, "धा मिंटं आदी आलो आस्तो तर पाय टेकत व्हते तिचे." तो कुणाला दोष देत नव्हता. तो आपला जे झालं ते सांगत होता. मी त्याच्या शेजारी उभी होते, परीक्षेची ओढणी घालून.

अलिबागला नेलं. कालवानं कापलेलं लवकर भरत नाही, त्यात तिला साखर आहे हे तिथं कळलं. दोन बोटं काढावी लागली. काका आले, कपाळाला हात लावून बसले. गावातल्या बायका भेटायला आल्या आणि पलंगाशी उभ्या राहून तिलाच बोलल्या. "तुला किती येळा सांगितलं, एकटी जाऊ नको." "भातवालीला पानी कळायचं न्हाय ते न्हायच." काकी हसली. "व्हय गो, माजीच चूक. यंत्र बरोबर व्हतं, मीच बसून राह्यले," असं ती प्रत्येकीला सांगत होती. मी पायाशी बसून मोसंबी सोलत होते. तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर आईनं मला मागच्या दारी नेलं. "तिथी पळते तशी बसतेही. इतकं शिकलीस, येवढं विचारलं न्हाईस?" म्हणाली. मग आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहून, "आता बोलू नको कुठं. कागद हातात येऊ दे." मी ऐकलं. एरवी आईचं एक ऐकत नाही, हे मात्र बरोबर ऐकलं. त्या रात्री मी कोडमधली ती एक ओळ खोडली. फक्त एक ओळ. सगळ्या तिथी सरळ झाल्या, पार जूनपर्यंतच्या.

निकाल लागला. पहिला वर्ग, आणि प्रोजेक्टला वर्गात सगळ्यात जास्त मार्क. मॅडमचा फोन आला, मनापासून अभिनंदन केलं, टेबलाबद्दल काही विचारलं नाही. गावानं पेढे मागितले. काकीनं काठी टेकत टेकत घरोघर जाऊन पेढे वाटले. बायकांनी पेढे घेतले, पण कातळावर तिला बरोबर घेत नव्हत्या, आणि घेतलं असतं तरी तो पाय तिला तिथं टेकवता आला नसता. गावात ती आता कायमची वेडी ठरली होती, वेळ सांगणारं यंत्र हातात असून बुडायला गेलेली.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी ते घेऊन भिंतीपलीकडे गेले. काकी पडवीत पाय पसरून तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिनं हात पदराला पुसले, मग कागदावरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावर, दिनदर्शिका वाचायची तसंच. मला राहवेना.

"काकी, पंचमी दोनदाच होती," मी म्हटलं. "तू बरोबर वाचलंस. मी ती काढून टाकली. चूक माझी होती. आणि परीक्षेत मला कळलं होतं, तरी मी बारा मिनिटं बसून राहिले."

रडत होते मी, नाक पुसायचंही भान नव्हतं. काकीनं तांदळातला एक खडा काढून टाकला.

"यंत्र चुकतंय, ते मला थंडीपासनं ठावं व्हतं," ती म्हणाली. "तू रागावलीस, मग मी बोलले न्हाय. घळीत एक काळा दगड हाय. तो सगळा उघडा पडला की मी उतरायची, आन तो भिजाय लागला की बाहेर. मोबाईल काय का म्हनंना. पानी कळाय लागलं व्हतं मला."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिशी दगड बुडत चाललेला बघितला मी," काकी म्हणाली. "पन तुजी परीक्षा व्हती. म्हटलं, आज जर मीच तुज्यावर इश्वास न्हाय ठेवला, तर पोर पास कशी व्हनार?"

तिनं कागदाला तांदळाचा कोंडा लागलेला झटकला, घडी पडणार नाही असा धरला आणि माझ्या हातात परत दिला.